विद्यापीठाच्या दारापर्यंतची वाट

बारावीचे वर्ष सुरू झाले की आमच्या वस्त्यांतील कित्येक घरांत एक अबोल ताण येऊन बसतो. बाप शिरोलीच्या फौंड्रीत पाळी करीत असतो, आई इचलकरंजीच्या कारखान्यात कांड्या भरीत असते, आणि सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी प्रवेशपरीक्षेच्या जाडजूड पुस्तकावर मान घालून बसलेली असते. त्या पुस्तकात काय आहे हे आईबापांस कळत नाही, आणि मुलास नेमके काय विचारावे हेही कळत नाही. मग घरात दोनच वाक्ये फिरून फिरून ऐकू येतात. एक, ‘अभ्यास कर’; आणि दुसरे, ‘समाजाचे नाव काढ’. दोन्ही वाक्यांमागे माया आहे यात शंका नाही. परंतु त्या मुलास या घडीला ज्याची गरज आहे ते या दोन वाक्यांत नाही. ते काय आहे, आणि ते देणे आमच्या कितपत हाती आहे, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०२४ साली आय. आय. टी.च्या अंतिम परीक्षेस सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले. जागा होत्या सुमारे १७,७००. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा तेवीस लाखांहून अधिक मुलांनी दिली, आणि एम. बी. बी. एस.च्या जागा देशभर मिळून लाखाच्या घरात होत्या. दार अरुंद आहे, आणि बाहेर गर्दी फार आहे. हे पाहून आमच्यातील काही घरे म्हणतात, ‘हे आपले काम नव्हे, पोराला लवकर कुठे तरी चिकटवून टाकू.’ काही घरे याच्या उलट टोकास जातात. कर्ज काढतात, मुलाला लातूरला किंवा थेट राजस्थानातील कोट्याला पाठवितात आणि त्याच्या डोक्यावर साऱ्या घराण्याच्या आशा ठेवून मोकळी होतात. पहिले घर मुलाची वाट बंद करते. दुसरे घर मुलाला त्या वाटेवर एकटे सोडते. आमच्या मते या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे, आणि तो आम्हांस नवा नाही.

परळच्या चाळीतील एका खोलीची हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती ठाऊक असूनही आपण तिचा अर्थ पुरता घेतलेला नाही असे आम्हांस वाटते. त्या एका खोलीत स्वयंपाक, झोप, पाहुणे आणि अभ्यास सारे चालत असे. सुभेदार रामजी आपल्या मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, आणि मग भीमरावांस उठवून अभ्यासास बसवीत व आपण निजत. पुस्तके घ्यावयास पैसा नसे तेव्हा ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्यांचे दागिने गहाण पडत आणि पुस्तक घरात येई. रामजींनी मुलाला मोठी व्याख्याने दिली असतील वा नसतील. त्यांनी मुलाला एक शांत प्रहर दिला, वेळेवर पुस्तक दिले आणि आपली झोप दिली.

आणि त्या मुलाचे गुण किती होते? १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेत भीमरावांस ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या गुणवत्ता-याद्या पाहून ज्या आईबापांचे काळीज बसते त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्या गुणांवरून जर कोणी त्या मुलाचे भविष्य ठरविले असते तर काय झाले असते, हे सांगणे न लगे. परंतु त्या वेळी गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्या मुलाकडे पाहिले. पुढे शिक्षणाचा खर्च घरास झेपेना तेव्हा केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी निवर्तले, आणि त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, त्यांचा मुलगा अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

पुढचा भाग आम्हां कोल्हापूरकरांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांस लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून परत यावे लागले. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाचे शिक्षणही पैशाच्या अभावी खंडित होऊ शकते, हे येथे ध्यानात घ्यावे. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला. एका पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली. २१ व २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे परिषद भरली, आणि तेथे राजर्षी शाहू छत्रपतींनी या तरुण विद्वानाचे नेतृत्व सर्वांसमक्ष मान्य केले. लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी छत्रपतींनी आर्थिक साह्यही केले. त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. एका विद्यार्थ्यामागे बाप होता, बहिणी होत्या, एक शिक्षक होता, एक मित्र होता, दोन राजे होते, आणि मुंबईत हालअपेष्टा सोशीत घर चालविणारी रमाई होती. त्यांचे कर्तृत्व त्यांचे स्वतःचेच. पण ते एकट्याने दाराशी पोहोचले असे म्हणणे त्या साऱ्यांवर अन्याय करणारे होईल.

शाहू छत्रपतींस ही गोष्ट फार आधी उमगली होती. मुलगा हुशार असला तरी शहरात राहावयास छप्पर व जेवावयास भाकरी नसेल तर कॉलेजचे दार उघडे असून नसल्यासारखे आहे, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांची माळ उभी केली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांस ५० टक्के जागा राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांस एकत्र बसविले. हक्क, छप्पर आणि शाळा या तिन्ही गोष्टी त्यांनी एकदमच हाती घेतल्या. एक दिली आणि दुसरी दिली नाही तर पहिली वाया जाते, हा त्यांच्या कारभाराचा धडा आहे. दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याभोवती उभी असलेली बोर्डिंगे आजही तो धडा सांगत आहेत.

आता आजच्या घरांकडे येऊ. पहिले काम कागदपत्रांचे. हे काम मुलाचे नव्हे, वडीलधाऱ्यांचे आहे, आणि ते दहावीतच सुरू झाले पाहिजे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्र ही सारी वेळेवर हातात हवीत. वैधतेसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. हा पुरावा कधी गावच्या शाळेच्या जीर्ण रजिस्टरात असतो, तर कधी तहसील कचेरीत. निकाल लागल्यावर आठ दिवसांत तो सापडत नसतो. ज्या आजोबांस ही नोंद कोठे आहे हे ठाऊक आहे, ते हयात आहेत तोवरच त्यांना घेऊन गावी जावे.

येथे नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात एक सल असतो, तो आम्ही जाणतो. जी जात आम्ही टाकली तिचे नाव पुन्हा कागदावर का लिहावे? प्रश्न सरळ आहे, आणि त्याला इतिहासही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या होत्या. १९५६ साली त्या शिखांस लागू झाल्या. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला ज्यांनी नागपुरास दीक्षा घेतली त्यांस मात्र केंद्राच्या सवलतींस मुकावे लागले. १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीत नवबौद्धांस सवलती दिल्या. परंतु केंद्रात न्याय मिळावयास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! या काळात किती मुलांची वाट अडली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जो हक्क एवढ्या झगड्याने परत मिळविला तो अर्जातील एका रकान्यापायी गमावणे शहाणपणाचे नाही. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे अभिमानाने लिहावे. जातीच्या दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचे नाव असावे, कारण ‘नवबौद्ध’ हा शब्द केंद्राच्या अनुसूचीत नाही. आणि केंद्रीय संस्थेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातच काढून घ्यावा. आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे. आपली ओळख काय हे तो दाखला ठरवीत नाही. ते आपले आचरण ठरविते.

दुसरे काम पैशाचे आणि वेळेचे. उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. २०२४ साली तो आपल्या दुसऱ्या व शेवटच्या प्रयत्नात आय. आय. टी.ची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि धनबादच्या संस्थेत त्याला जागा मिळाली. ती स्वीकारण्यासाठी २४ जून रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरावयाचे होते. घरात तेवढी रक्कम नव्हती. गावातून पैसा गोळा होता होता पावणेपाच वाजले, आणि संगणकावर रक्कम भरून होण्यापूर्वीच मुदत संपली. जागा गेली. त्या मुलाने दारोदार दाद मागितली आणि अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील अधिकार वापरून त्याला प्रवेश देवविला. २०२१ साली मुंबईच्या आय. आय. टी.च्या बाबतीतही अनुसूचित जातीच्या एका मुलावर असाच प्रसंग आला होता. बँकेच्या कार्डावरून पैसे गेले नाहीत म्हणून हुकलेली जागा त्यालाही सर्वोच्च न्यायालयानेच मिळवून दिली.

न्यायालयाने न्याय केला ही समाधानाची गोष्ट आहे. पण दिल्लीपर्यंत पोहोचू न शकलेली मुले किती असतील? आम्हांस बोचणारा प्रश्न दुसराच आहे. असा प्रसंग उद्या हातकणंगल्यात, शिरोळात किंवा चंदगडात एखाद्या घरावर आला तर १७,५०० रुपये एका दुपारी उभे करण्याची सोय आमच्या एखाद्या तरी विहारात आहे काय? १४ एप्रिलच्या जयंतीस आमच्या गल्लोगल्ली वर्गणी जमते. कमानी, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांवर किती खर्च होतो हे प्रत्येक मंडळास ठाऊक आहे. ज्यांची जयंती आपण करतो त्यांचे लंडनचे शिक्षण पैशाअभावी तीन वर्षे खोळंबले होते, याची आठवण ठेवून त्या वर्गणीचा चौथा हिस्सा जरी प्रवेशनिधी म्हणून बँकेत राहिला, तरी त्या जयंतीस अधिक शोभा येईल.

सरकारी सवलती आहेत, त्या माहीत करून घेतल्या पाहिजेत. केंद्रीय शिक्षणसंस्थांत अनुसूचित जातींस १५ टक्के व राज्यातील संस्थांत १३ टक्के जागा राखीव आहेत. अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांस भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आय. आय. टी.त पदवीच्या अभ्यासक्रमास अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांस शिक्षणशुल्क माफ आहे. नामांकित संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यांसाठी केंद्राची ‘टॉप क्लास’ शिक्षण योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाखांची आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुढे परदेशी पदव्युत्तर शिक्षणास जावयाचे झाल्यास राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. मात्र यांतील बरीचशी रक्कम प्रवेशानंतर काही महिन्यांनी हाती येते, आणि फी, गाडीभाडे, खानावळीचे पैसे पहिल्याच दिवशी द्यावे लागतात. मधला तो काळ निभावण्यासाठीच समाजाचा निधी हवा.

तिसरे काम माहितीचे. आमच्या घरांस डॉक्टर आणि इंजिनिअर ही दोनच शिखरे दिसतात. बाबासाहेबांनी अर्थशास्त्र शिकले, कायदा शिकला, समाजशास्त्र व मानववंशशास्त्र अभ्यासिले, हे आम्ही विसरतो. ज्या मुलास गणिताची गोडी नाही त्याला दोन वर्षे त्याच घाण्यास जुंपून काय मिळणार? केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून एक सामाईक प्रवेशपरीक्षा आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा वेगळी आहे, आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे ती विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत. विज्ञानाच्या मूलभूत संशोधनासाठी पुण्यात आयसर आहे. दहावीनंतर शाखा निवडताना मुलाशी निवांत बसून बोलावे. शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले हे पाहून ठरवू नये. आणि मुलींच्या बाबतीत आम्ही स्पष्टच सांगतो. मुलगा कोट्याला आणि मुलगी जवळच्या कॉलेजात, ही वाटणी समतेचा धम्म स्वीकारलेल्या घरास शोभत नाही. आय. आय. टी.ने २०१८ पासून मुलींसाठी अधिक जागा निर्माण केल्या आहेत. संस्थेने उघडलेले दार बापाने लावून घेऊ नये.

चौथे काम सर्वांत नाजूक आहे. ते मनाचे आहे. २०२३ साली एकट्या कोटा शहरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले प्राण दिले. ती सर्व मुले कोणाच्या ना कोणाच्या घरची आशा होती. आमच्या मुलांवर तर घराच्या आशेबरोबर साऱ्या समाजाच्या इतिहासाचे ओझे असते. आमची आईबापांस कळकळीची विनंती आहे की त्याला ‘दुसरा बाबासाहेब हो’ असे सांगू नका. सतरा वर्षांच्या मुलास ते ओझे पेलत नाही. परीक्षेपूर्वीच त्याला शब्द द्या की निकाल काहीही लागो, या घरातील त्याचे ताट व त्याची जागा तीच राहील. नुसता शब्द देऊ नका; दुसरी वाट कोणती हेही आधीच त्याच्याबरोबर बसून ठरवा. आय. आय. टी.ची अंतिम परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. म्हणून एक वर्ष थांबावयाचे की मिळेल तेथे प्रवेश घ्यावयाचा, हा निर्णय रागाच्या किंवा रडण्याच्या भरात होऊ नये.

आणि प्रवेश मिळाला म्हणजे पाठीशी उभे राहणे संपले असे मानू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांस मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली, आणि तेथील भेदभाव २००७ सालच्या अहवालात उघड केला. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुला याचा १७ जानेवारी २०१६ रोजी झालेला अंत अजून आमच्या मनातून गेलेला नाही. ‘राखीव जागेवर आलेला’ असे कोणी हिणविले तर मुलाने मान खाली घालावयाचे कारण नाही. पण तसे हिणविले जाऊ शकते हे त्याला घरातून सांगून ठेवले पाहिजे, म्हणजे तो दोष तो स्वतःत शोधीत बसणार नाही. तेथे अनुसूचित जाती-जमातींचा कक्ष असतो, आपल्या विचाराचे वरच्या वर्गातील विद्यार्थी असतात. त्यांची ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. घरच्यांनी दर आठवड्यास फोन करावा आणि गुणांआधी जेवणाची व झोपेची चौकशी करावी. मुलगा बोलेनासा झाला तर गाडी पकडून जावे. रोजंदारी बुडेल, बुडू द्यावी.

हे सारे एका घराच्या आवाक्यातले नाही, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून आमची प्रत्येक विहारास सूचना आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास याच कामासाठी ठेवावा. वस्तीतील दहावी ते बारावीच्या मुलामुलींची नावे एका वहीत लिहावीत. प्रत्येक नावापुढे कोणता दाखला आहे आणि कोणता नाही, कोणत्या परीक्षेचा अर्ज केव्हा भरावयाचा व फीची अखेरची तारीख कोणती, हे लिहावे. वस्तीतील एका नोकरदाराने व कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने किंवा मुलीने ती वही सांभाळावी. विहाराची खोली परीक्षेच्या महिन्यांत रात्री अकरापर्यंत अभ्यासासाठी उघडी ठेवावी, आणि त्या वेळात आसपास ध्वनिक्षेपक लागणार नाही याची हमी मंडळाने घ्यावी. ज्यांच्या घरी एकच खोली आहे अशा मुलांस एवढ्यानेही फार मोठा आधार होईल.

परळच्या त्या खोलीत रात्री दोन वाजेपर्यंत एक बाप जागत होता. आज आमच्या वस्त्यांत जागावयास तयार असलेले बाप आहेत, आया आहेत. त्यांनी आळीपाळीने जागावे, एवढीच व्यवस्था आपणांस करावयाची आहे. ज्या विहारात ही वही सुरू होईल त्यांनी आम्हांस जरूर कळवावे.